रुस्तम पाशा मशिदीतल्या फरश्यांवरची फुलं – ओळखायला मदत हवी

वाटसरू_ठाणेकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईला घेऊन इस्तंबूलला आठ दिवस जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाहीये, घाबरू नका. एका मशिदीत आईने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, म्हणून हा धागा.

मशीद रुस्तम पाशाची. मसाला बाजाराच्या बाजूच्या गल्ल्यांत चाळण्या, प्लास्टिकचे डबे, दोऱ्याची बंडलं असला घाऊक माल विकतात (क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग डोळ्यांसमोर आणा), तिथे दुकानांच्या डोक्यावर ही मशीद आहे. अरुंद जिना चढलं की एकदम मोकळा ओटा लागतो. खालच्या दुकानांच्या भाड्यातून वरच्या मशिदीचा खर्च निघावा अशी मूळची योजना. रुस्तम पाशा हा सुलतान सुलेमानचा जावई आणि वजीर. तो १५६१ साली वारला आणि त्याच सुमारास सिनान या वास्तुकाराने ही मशीद बांधली. आत भिंती, खांब, मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा), जिकडे बघाल तिकडे इझनिक या तुर्की गावच्या फरश्या. निळा, हिरवट निळा, पांढरा, आणि मधूनच पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल.

आईने जन्मभर बाग केलीय. चष्मा पुसून ती एका खांबासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही फुलं काढणाऱ्याने नीट बघून काढलीत रे. पण हे झाड कुठलं?"

गाईड म्हणाला, इस्लाममध्ये चित्रं चालत नाहीत म्हणून फुलं, आणि ट्युलिप म्हणजे अल्ला. आईचं काही समाधान झालं नाही.

तर मला काय काय दिसलं ते लिहितो, फोटोही जोडलेत:
पहिलं म्हणजे ट्युलिप, ते मलाही कळलं. दुसरं, जपानी पंख्यासारखं उघडलेलं, कडा करवतीसारखी. तिसरं, निशिगंधाच्या काडीसारखी काडी आणि तिला बारीक निळ्या घंटा. चौथा बहुतेक गुलाब. पाचवं म्हणजे कमळ, डाळिंब आणि कोबी यांच्या मधलं काहीतरी अवाढव्य फूल. सहावं फूलच नाही, कोयत्यासारखं वळलेलं लांब पान, कडेला दाते, आणि त्या पानाच्या पोटातून दुसऱ्याच फुलाचा देठ आरपार गेलेला.

येताना एक ताटलीही घेतली. तिच्यात तर कमाल आहे. खाली पानांचा एकच झुबका आणि त्यातून ट्युलिप, गुलाब आणि तो पंखा, तिन्ही निघालेत! त्यातल्या ट्युलिपचा देठ मध्येच मोडलाय. माझ्याकडून नाही, चित्रातच मोडलाय.

गच्चीवरची_बाग

आईंना माझा नमस्कार सांगा, प्रश्न एकदम बागवाल्या बाईचा आहे.

पंखा म्हणजे कार्नेशन. लग्नाच्या स्टेजवर असतात ती. बाजूने बघितलं की खाली हिरवी नळी आणि वर कातरलेल्या पाकळ्यांचा पिसारा, त्यामुळे पंखाच वाटतो. निळ्या घंटांची काडी म्हणजे हायसिंथ. आपल्याकडे फारसं कुणी लावत नाही. मी एकदा गड्डे आणून सहा आठवडे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले होते. नवऱ्याने कांदे समजून एक चिरला. उरलेल्यांपैकी एकाला फूल आलं, वासाने गच्ची भरून गेली.

ट्युलिपबद्दल मात्र शंका आहे. फुलवाल्याकडचा ट्युलिप म्हणजे अंड्यासारखा गोल पेला. तुमच्या फोटोतल्या पाकळ्या सुरीच्या पात्यासारख्या, टोकाला सुईएवढ्या बारीक. हे नक्की ट्युलिपच ना?

आणि एका झुबक्यातून तीन फुलं? ट्युलिप गड्ड्यातून येतो, गुलाबाला लाकडी खोड. हे कलम कुणी बांधलं?

बखर_चाळणारा

ताई, ट्युलिपच आहे. तुर्की बागाइतदारांना पाकळी कट्यारीसारखी लांब आणि टोकदार हवी असायची, त्यामुळे गड्डे त्या हिशेबाने निवडले जायचे. सोळाव्या शतकाच्या मध्यात ही फुलं युरोपात पोचली, १५९४ साली हॉलंडमधल्या लायडनला क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बागेत फुलली, आणि पुढे डचांना गोल पेला आवडला म्हणून जगभर गोल पेला झाला. इस्तंबूलच्या त्या कट्यारी जाती बहुतेक नाहीशा झाल्या. म्हणजे त्यांतल्या कित्येक आता फक्त फरश्यांवर आणि जुन्या हस्तलिखितांतच उरल्यात. तुम्हाला ओळखू आला नाही यात तुमची चूक नाही, फूलच बदललं.

आता बाकीचं. ट्युलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ ही चौकडी इझनिकवर सोळाव्या शतकाच्या मध्यापासून दिसते. तुर्कीत त्यांची नावं लाले, करनफिल, गुल, सुंबुल. करनफिल म्हणजे लवंगसुद्धा, कारण त्या फुलाला लवंगेचा वास असतो. सुंबुल गझल वाचणाऱ्यांना माहीत असेल, प्रेयसीच्या कुरळ्या केसांना हीच उपमा देतात. ही चौकडी दरबारी नक्काशखान्यातून (सुलतानाच्या चित्रकारांच्या कार्यशाळेतून) आली, आणि त्यात कारा मेमी या प्रमुख चित्रकाराचं नाव घेतात. सुलेमान 'मुहिब्बी' या टोपणनावाने कविता करायचा. त्या काव्यसंग्रहाच्या १५६६ च्या हस्तलिखिताचे समास कारा मेमीने याच फुलांनी भरलेत. तिथे नाजूक कुंचल्याने काढलेला ट्युलिप आणि इझनिकच्या फरशीवरचा ट्युलिप शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात.

तुमचं सहावं, कोयत्यासारखं पान, ते 'साझ'. साझ म्हणजे बोरू, लव्हाळं. ही शैली आधीची, शाह कुलीची. हा मूळचा इराणातल्या तबरीझच्या दरबारातला. १५१४ साली सलीम सुलतानाने (सुलेमानच्या बापाने) तबरीझ घेतलं तेव्हा तिथले कारागीर उचलून आणले, त्यांत हा होता. पुढे इस्तंबूलच्या नक्काशखान्याचा प्रमुख झाला. कारा मेमी त्याचाच शिष्य. गुरूने कधीच न उगवणारी जंगलं काढली आणि चेल्याने परसातली बाग!

आणि पाचवं, कमळ-डाळिंब-कोबी: ते 'हतायी'. खिताय म्हणजे चीनकडचं.

अगोचर

गाईड चुकीचं काय बोलला? चित्रं हराम म्हणूनच फुलं काढली ना? साधी गोष्ट आहे.

बखर_चाळणारा

साधी आहे, पण अर्धीच. मशिदीत माणसं-प्राणी काढत नाहीत हे खरं. पण राजवाड्यात आणि ताटलीवर काय काय काढलंय ते बघा. तुर्कस्तानातल्या बेशेहिरजवळच्या कुबादाबाद या तेराव्या शतकातल्या सेल्जुक सुलतानांच्या राजवाड्याच्या फरश्यांवर मांडी घालून बसलेली माणसं आहेत, शिवाय मासे आणि कुत्रे. इराणातल्या काशानच्या चकाकत्या फरश्यांवर घोडेस्वार आहेत, हरणं आहेत. इझनिकच्याच ताटल्यांवर ससे, मोर, शिडाची जहाजं आहेत. तोपकापी राजवाड्यात सुंता-दालनाच्या दर्शनी भिंतीला सव्वा मीटरच्या आसपास उंचीच्या अखंड फरश्या आहेत, निळ्या-हिरवटनिळ्या. शाह कुलीच्या शैलीतली ती साझची पानं नीट बघितली की त्यांच्यात पक्षी दिसतात, आणि खाली चिनी पद्धतीचे काल्पनिक प्राणी.

म्हणजे चित्र चालत नव्हतं म्हणून नाइलाजाने फूल, असं म्हणता येत नाही. हौसेने फुलं काढायचे. बागेचं वेड असलेला समाज होता.

अगोचर

आणि ट्युलिप = अल्ला?

बखर_चाळणारा

अक्षरांचा खेळ आहे. अरबी लिपीत 'लाले' लिहायला जी अक्षरं लागतात तीच 'अल्ला' लिहायला लागतात. अबजद पद्धतीने (प्रत्येक अक्षराला एक आकडा) दोन्हींची बेरीज ६६ येते. 'हिलाल' म्हणजे चंद्रकोर, तिचीही ६६. हे खरं आहे आणि तुर्कांना ते ठाऊकही होतं. पण दिवसभर एकाच आराखड्याच्या फरश्या रंगवणारा कारागीर प्रत्येक पाकळीला ६६ मोजत बसला असेल असं मला वाटत नाही. गाईडना मात्र हे वाक्य फार उपयोगी पडतं.

चाकावरचा_हात

मी कुंभारकाम करतो (पुण्यात छोटा स्टुडिओ आहे). फुलांचं ताईंनी सांगितलंच, मी मातीचं सांगतो. कारण ही फुलं अशी का दिसतात त्याचं निम्मं उत्तर मातीत आहे. किंवा माती नसण्यात.

इझनिकची फरशी ही मुळात मातीची नाहीच. त्यात बहुतेक सगळी गारगोटी. गारगोटी कुटून, दळून पीठ करायचं, त्यात काचेची पूड आणि चिकटपणापुरती थोडी पांढरी माती. काशानच्या एका कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली ही कृती लिहून ठेवलीय: दहा भाग गारगोटी, एक भाग काच, एक भाग माती. इझनिकवाले काचेत शिसंही घालायचे. मी हे करून बघितलंय. पीठ भाकरीसारखं थापायला जावं तर नाचणीच्या पिठासारखं कडेने चिरतं. चाकावर चढवायचं तर नावच नको. म्हणून साच्यात दाबून बसवतात.

एवढा त्रास कशासाठी? पांढऱ्या रंगासाठी. चिनी पोर्सिलेनसाठी लागते ती माती त्यांच्याकडे नव्हती. लाल मातीवर पांढरा लेप दिला तर खालून लाली डोकावते. गारगोटीच्या अंगावर गारगोटीचाच आणखी स्वच्छ लेप, त्यावर चित्र, त्यावर पारदर्शक झिलई, मग ९०० अंशांच्या आसपास भाजणं. अंग, लेप आणि झिलई तिन्ही जवळपास एकाच कुळातले, तापल्यावर सारखेच फुगतात आणि निवताना सारखेच आकसतात. म्हणून साडेचारशे वर्षांनंतरही झिलईला तडे नाहीत.

रंग: निळा कोबाल्टचा, हिरवटनिळा तांब्याचा, जांभळा मँगनीजचा. काळी रेघ क्रोमाइटची. ती रेघ महत्त्वाची, कारण भट्टीत झिलई वितळली की खालचे रंग पळायला बघतात. क्रोमाइट हलत नाही. ओल्या अंगणात रंग पसरू नये म्हणून आधी पांढऱ्या रांगोळीची कड घालावी तसं.

आता लाल. हा भट्टीतला सगळ्यात हट्टी रंग. लोखंड असलेली एक तांबडी माती, तिला आर्मेनियन बोल म्हणतात. पातळ लावली तर करपून तपकिरी होते किंवा झिलईत विरघळून जाते. म्हणून जाड थर द्यावा लागतो. परिणाम असा की खऱ्या इझनिकवर डोळे मिटून बोट फिरवलं तर लाल भाग हाताला लागतो, झिलईखाली उचललेला. हा लाल फरश्यांवर पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो सुलेमानिये मशिदीत, १५५७ मध्ये पुरी झाली ती. रुस्तम पाशाची मशीद त्यानंतर चार-पाच वर्षांची, म्हणजे हात नुकता बसत होता. काही फरश्यांवर लाल झकास, काहींवर विटकरी. ठाणेकर, तुम्ही म्हणता तो टोमॅटो सगळीकडे सारखा नव्हता ना?

वाटसरू_ठाणेकर

नव्हता! ओसरीतल्या एका फरशीवर तर कार्नेशनचा लाल अगदी चहाच्या डागासारखा होता. मला वाटलं उन्हाने उडाला.

चाकावरचा_हात

उन्हाने हा रंग उडत नाही, भट्टीत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

सुईदोरा

मी आरी आणि जरदोजीचं काम करते, ब्लाउजच्या ऑर्डरी घेते. मातीतलं मला काही कळत नाही. पण त्या सगळ्या फरश्यांवर एकच फूल तंतोतंत सारखं कसं काढत असतील? हाताने?

बखर_चाळणारा

कागदावर आराखडा काढायचा, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद फरशीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. कागद उचलला की ठिपक्यांची रेघ. मग कुंचला.

सुईदोरा

अहो, हा तर आमचा खाका!!

आम्ही रोज हेच करतो. बटर पेपरवर डिझाइन, सुईने भोकं, त्यावर रॉकेलमध्ये कालवलेली खडू नाहीतर निळीची पूड बोळ्याने फिरवायची. कापडावर ठिपके उमटतात. त्या कागदालाच खाका म्हणतात. माझ्या उस्तादांकडे त्यांच्या वडिलांचे खाके आहेत, भोकं पडून पडून कागदाची जाळी झालीय.

बखर_चाळणारा

वा! खाक म्हणजे धूळ, राख. धुळीने उठवलेलं चित्र तो खाका. मराठीत आपण 'अर्थसंकल्पाचा खाका' म्हणतो तेव्हा धूळ कुणाच्या डोक्यात येते?

टेम्सकाठचा_पांडू

लंडनहून. वाचतोय, फार छान चाललंय. शनिवारी ब्रिटिश म्युझियममध्ये चक्कर टाकली, खास या धाग्यासाठी. दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे मशिदीत टांगायचा दिवा, इझनिकचा, जेरुसलेमच्या घुमटातून (डोम ऑफ द रॉक) आलेला. त्यावर हिजरी ९५६ साल आहे, म्हणजे १५४९. आणि खाली रंगवणाऱ्याची सही: गरीब, नम्र मुसली. आपल्याकडे अभंगात 'दास अमुक म्हणे' येतं ना, तसं वाटलं. इझनिकच्या कारागिरांची नावं अगदी मोजकी कळतात, त्यांतलं हे एक. शिवाय तारीख पक्की, त्यामुळे अभ्यासक याला खुंटी धरून आजूबाजूच्या वस्तूंचं वय ठरवतात.

दोन, द्राक्षांची ताटली. मध्ये द्राक्षांचे तीन घोस, वेलीचे ताणे, पानं. हे मूळ चिनी. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मिंग ताटल्यांवर ते घोस तसेच्या तसे आहेत. सुलतानांच्या खजिन्यात चिनी भांड्यांचा मोठा साठा होता, त्यातून उचललेलं. पण गंमत काठात आहे. चिनी ताटल्यांच्या काठाला लाटा काढायचे, खडकावर आपटून फुटणाऱ्या. इझनिकच्या माणसाने तो काठ उतरवला. त्याची नक्कल दुसऱ्याने, त्याची तिसऱ्याने. होता होता लाटांची झाली गोगलगाईची वेटोळी. खडक गेला, पाणी गेलं, पण काठ कुणी सोडला नाही! अर्थ माहीत नसताना पोरं आरतीतले शब्द आपापल्या परीने म्हणतात आणि मोठेपणीही तेच तोंडात बसतात, तसं झालं. मला ती वेटोळीच जास्त आवडली, खरं सांगायचं तर.

गच्चीवरची_बाग

पांडूभाऊ, द्राक्षाचं पान बरोबर काढलंय का?

टेम्सकाठचा_पांडू

ताई, पान बरोबर, पाच बोटांचं. ताणे जरा जास्तच गुंडाळलेत. एक घोस हवेत लोंबतोय, देठ वेलीला कुठे लागतो ते मला सापडलं नाही.

गच्चीवरची_बाग

म्हणजे इथेही तेच. मी दोन दिवस हाच विचार करतेय. फूल खरं, झाड खोटं.

कार्नेशनच्या पाकळीची कातर, फुलाखालची हिरवी नळी, हायसिंथच्या घंटांची उलगडलेली टोकं हे सगळं त्याने बघितलंय. गुलाबाच्या कळीवरची हिरवी निदलंसुद्धा मी फोटो मोठा करून बघितली, बरोबर आहेत. आणि तोच माणूस खाली एका झुबक्यात तिघांना बसवतो. त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याला झाड नकोच होतं.

सुईदोरा

बरोबर. आम्हालाही झाड नकोच असतं. ब्लाउजच्या पाठीला बुट्टी काढायची तर खालून एक धर लागतो, जिथून सगळं सुरू होतं. नाहीतर फुलं हवेत तरंगतात. तो झुबका म्हणजे धर.

आणि मोडका देठ! ठाणेकर, ताटलीचा फोटो परत बघितला. गोल जागा आहे, ट्युलिप लांब. सरळ काढला तर काठाबाहेर जातो, आखूड काढला तर बुटका दिसतो. मग देठ मोडायचा आणि फूल आत वळवायचं. आम्ही गळ्याच्या कडेला हेच करतो.

गच्चीवरची_बाग

मला नाही पटत. ट्युलिपचं डोकं जड झालं की देठ खरंच मान टाकतो. वाऱ्याने मोडलेली फुलं बागेत रोज दिसतात. त्याने ते बघितलं असणार.

सुईदोरा

बघितलं असेल हो ताई. पण सरळ चौकोनी फरशीवर मोडलेला देठ का नाही मग?

टेम्सकाठचा_पांडू

म्युझियममधल्या ताटल्यांपैकी निदान चारांवर मोडके देठ मोजले. कार्नेशनचेही मोडलेत. सगळे आतल्या बाजूलाच वळतात. सुईदोरा १, बाग ०.

गच्चीवरची_बाग

पुढच्या थंडीत हायसिंथचे गड्डे आणेन, मग बोलू.

गोदातीर

थोडं अवांतर, संपादक रागावणार नाहीत अशी आशा. आमच्या इकडे देवगिरीच्या किल्ल्यात (दौलताबाद) चिनी महाल आहे. १६८७ ला गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने शेवटच्या कुतुबशहाला, तानाशहाला तिथे कैदेत ठेवलं. महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे तुकडे अजून टिकून आहेत, त्यावरून हे नाव. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा सरांनी सांगितलं होतं, चीनचा राजा इथे राहायचा. वर्गातल्या सगळ्यांनी विश्वास ठेवला.

बिदरला महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२ चा. गावान मूळचा इराणच्या गिलानचा, बहमनींचा वजीर. एका बाजूचा मिनार आणि थोडी भिंत एवढ्याच भागावर फरश्या उरल्यात, पण उन्हात निळा-हिरवा-पिवळा असा चमकतो की बास. मिनाराला नागमोडी पट्टे, भिंतीवर सुलेखन. तिथे मात्र इझनिकसारखी ओळखू येणारी फुलं नाहीत, इराणी वळणाची वेलबुट्टी आहे.

बखर_चाळणारा

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. तुर्कीतही रंगीत फरशीला 'चिनी' म्हणतात! इराणात आणि उत्तर हिंदुस्थानात 'काशी' म्हणतात (लाहोरच्या वझीर खान मशिदीचं काशीकाम प्रसिद्ध आहे). ते वाराणसीवरून नाही, काशानवरून.

म्हणजे तुर्काने चीनचं नाव घेतलं, हिंदुस्थानाने काशानचं, आणि आपण अजून कपबशीला चिनीमातीची म्हणतो. गावानच्या मदरशातली वेलबुट्टी इराणी घराण्यातली. इझनिकची सुरुवातही तशीच झाली होती, १४८० च्या आसपास. निळ्या-पांढऱ्यात गुंडाळत जाणारे 'रुमी' म्हणजे नक्षीदार पानांचे वेल आणि हतायी. ओळखू येणारी फुलं नंतर आली.

आणि ते हतायी, ठाणेकरांचा कोबी. मंगोल इराणात राज्य करत होते तेव्हा, तेराव्या शतकात, तख्त-ए-सुलेमानच्या राजवाड्यातल्या फरश्यांवर चिनी नाग, चिनी पक्षी आणि कमळं आली. चीनमध्ये कमळाला जो मान, तो बौद्धांमुळे वाढलेला. म्हणजे ठाणेकरांच्या आईला ते कमळासारखं वाटलं असेल तर उगाच नाही. इकडचंच फूल फार लांबून फिरून आलंय, वाटेत प्रत्येकाने दोन-दोन पाकळ्या चिकटवल्यात.

वाटसरू_ठाणेकर

आईला वाचून दाखवलं. "मग कोबी काय म्हणालास" म्हणून ओरडा बसला.

आता खरी अडचण. ताटली. एका दुकानात घेतली, गाईडनेच नेलं होतं. सफरचंदाचा चहा, गालिच्यावर बसवलं, "हाताने रंगवलेली, अस्सल इझनिक पद्धत, गारगोटीची". किंमत सांगत नाही, आई हा धागा वाचतेय. चाकावरचा हात, अस्सल पद्धतीची आहे का कसं ओळखायचं?

चाकावरचा_हात

आजही इझनिकमध्ये गारगोटीवर काम करणारे लोक आहेत. मधल्या काळात मात्र, सतराव्या शतकात, ही कला ओसरली. दरबाराने दर ठरवून दिलेले आणि महागाई वाढलेली. लाल तपकिरी पडत गेला, निळा पळायला लागला. सुलतान अहमदच्या मशिदीला (१६१६ ला झाली ती निळी मशीद) वीस हजारांवर फरश्या लागल्या, त्यातल्याही सगळ्या एकसारख्या दर्जाच्या नाहीत. एवलिया चेलेबी हा प्रवासी लिहितो की पूर्वी ३०० भट्ट्या होत्या, आता ९ उरल्या. त्याला आकडे फुगवायची सवय होती, पण उतार खरा. गारगोटीचं काम पुन्हा उभं राहिलं ते गेल्या काही दशकांत. कुताह्या या दुसऱ्या तुर्की गावातही भरपूर माल होतो, त्यात चांगलाही असतो आणि छापीलही.

आता ताटली बघू:
मागच्या कड्याला झिलई नसलेली जागा शोधा. तिथे अंग पांढरंशुभ्र आणि साखरेसारखं रवाळ दिसलं तर चांगली खूण.
डोळे मिटून लालवर बोट फिरवा.
मग भिंग घेऊन काळी रेघ बघा. कुंचल्याची रेघ जाड-बारीक होते. छापील असेल तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतील.

वाटसरू_ठाणेकर

कडा: पिवळट, गुळगुळीत.
लाल: हाताला काहीही लागत नाही.
भिंग: ठिपके. ट्युलिपच्या पाकळीवर गुलाबी आणि पिवळे ठिपके, गिचमीड.

हरलो.

अगोचर

+१. म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी.

चाकावरचा_हात

अरेरे. छापील डिकॅल (वरून चिकटवलेलं चित्र) आहे. वाईट वाटून घेऊ नका, डिझाइन तरी चांगल्या ताटलीवरून उचललंय. मोडका देठ नकली माणसाला सुचत नाही.

गच्चीवरची_बाग

आईंना कळलं का?

वाटसरू_ठाणेकर

भिंग त्यांचंच होतं. म्हणाल्या, "फुलं तर त्याच माणसाची आहेत ना मग." ताटली आता देवघराशेजारी आहे, तिच्यात जास्वंदी ठेवतात.

सुईदोरा

ठाणेकर, एक विनंती. ताटली खिडकीत उजेडाला धरून अगदी वरून, सरळ, सावली न पडता एक फोटो काढून पाठवा. मागच्या गळ्याला गोल बुट्टी हवी म्हणून एक ऑर्डर आलीय. मी त्याचा खाका करते.

वाटसरू_ठाणेकर

पाठवतो उद्या सकाळी. देठ मोडकाच ठेवा.